नोकरी सोडा म्हणण्याआधी

"मावशी, माझे यजमान किनाऱ्याकडच्या एका पोलीस ठाण्यात कॉन्स्टेबल आहेत. सकाळी गेलेले कधी रात्री अकराला येतात, कधी दुसऱ्या दिवशी. घरात बोलत नाहीत, मुलावर खेकसतात, झोप लागावी म्हणून रोज दोन पेग घेतात. यंदा चवथीला गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायलाही नव्हते. 'नोकरी सोडा' म्हटलं की अबोला. त्यांचं मन घरातून उडालं का?"
– एक वाचक, पेडणे

बाय, तुझं पत्र वाचून मला पार दमलेला माणूस दिसला. मन उडाल्याची एकही खूण त्यात नाही.

गोव्यात ऑक्टोबरला सीझन सुरू झाला की पोलिसांची काय ओढाताण होते, ते तू जवळून बघतेसच. डिसेंबरात ३ तारखेला जुन्या गोव्याचं फेस्त, मग नाताळ, मग थर्टीफर्स्टला कळंगुट-बागाची गर्दी. ते संपतं न संपतं तोच कार्निव्हल आणि शिगमो. त्यात कुणी मंत्री आला की ठरलेली सुट्टीही जाते. १८६१ च्या पोलीस कायद्यातच पोलीस सदैव ड्युटीवर आहे असं मानलंय. म्हणून घरी जेवतानाही त्यांचा एक कान फोनकडे असतो. हा स्वभावाचा दोष नव्हे, आणि माणसाला असं राबवणं मला अजिबात मान्य नाही. मुंबईत २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्युटी करून पाहिली, तीही एका शिपायानेच मांडलेल्या आराखड्यावरून. म्हणजे मार्ग निघू शकतो.

नोकरीचा विषय सध्या काढू नकोस. ज्या वर्दीसाठी त्यांनी भरतीत घाम गाळला, ती टाकायला सांगितलं की त्यांना आपण हरलो असंच वाटणार. आधी झोप. रात्रपाळी करून आले की खोलीत काळोख कर, मुलाला शेजारी पाठव, हिशेब आणि तक्रारी उठल्यावर. दिवसाची झोप तुटक असते, तिला जपावंच लागतं. दारूने डोळा लागतो खरा, पण पुढची झोप मोडते आणि सकाळी चिडचिड वाढते. हे त्यांना भांडताना सांगू नकोस. सुट्टीच्या दिवशी, चहा घेताना सांग.

दुसरं, साप्ताहिक सुट्टी बुडत असेल तर त्यांनी ठाण्याच्या पीआयना, म्हणजे पोलीस निरीक्षकांना, लेखी अर्ज द्यावा, तारखांसह, आणि पोच घ्यावी. तोंडी विनंत्या बंदोबस्ताच्या धांदलीत विरून जातात. १९६६ च्या कायद्यामुळे पोलिसांना परवानगीशिवाय युनियनमध्ये जाता येत नाही, त्यामुळे ज्याचा त्याचा कागदच उपयोगी पडतो. ठाण्यातले आणखी दोघे-तिघे आपापले अर्ज देतील तर अधिकच बरं.

महिनाभरात पेग सुटले नाहीत, किंवा चिडचिड तशीच राहिली, तर बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दोघं जा. तिथे गेलं की माणूस वेडा ठरतो, हा समज अजून आपल्याकडे आहे. त्यापायी किती घरं कुढत बसली आहेत! टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत. आणि "जगून काय करायचं" असं एकदा जरी त्यांच्या तोंडून आलं, तर त्या दिवशी त्यांना एकटं सोडू नकोस. लगेच डॉक्टर गाठ, आणि हत्यार हाताशी असेल तर वरिष्ठांना स्पष्ट सांग. यात चुगली नाही.

मुलाशीही बोल. "बाबा चिडतात कारण ते दमतात, तुझी चूक नाही," एवढं त्याला तुझ्या तोंडून कळू दे. मात्र त्यांनी कधी हात उगारला, तर ते दमण्याच्या नावावर खपवून घेऊ नकोस. माहेरी सांग, मला लिही.

माटोळीचं दुःख मी समजू शकते. पुढच्या चवथीला कवंडाळं, निरफणस, सुपाऱ्यांचे घोस दोन दिवस आधी आणून ठेव. ज्या रात्री ते मोकळे असतील त्या रात्री तिघं मिळून बांधा, मग मुहूर्ताला ते बंदोबस्तावर असले तरी चालेल.

अर्ज दिला की काय उत्तर आलं ते कळव.