मातीशिवाय किल्ला

प्रिय पिल्लू,

फ्रिजवरची तुझी चिठ्ठी वाचली. "आजोबांच्या वाड्यातली सगळी मुलं दिवाळीत किल्ला करतात. आपल्या बाल्कनीत मातीच नाही. पुठ्ठ्याचा केला तर तो खरा किल्ला का?" मी रात्रपाळीहून येईन तेव्हा तू शाळेत असशील, म्हणून लिहून ठेवते.

खरा. तिकडेही किल्ला नुसत्या मातीचा नसतो. फुटक्या विटा, दगड, मोडका पाट, पालथी घातलेली बादली, हाताला लागेल ते रचायचं आणि त्यावर चिखलात बुचकळलेलं गोणपाट पसरायचं. माती फक्त वरून. हल्ली प्लास्टरचे तयार किल्लेही विकत मिळतात म्हणे. ते आणून ठेवण्यात गंमत काय, कोण जाणे!

पण एक अट आहे. इथल्या जर्मन किल्ल्यांसारखे चार टोकदार मनोरे उभे करायचे नाहीत. आपला गड म्हणजे आधी डोंगर, मग तट. डोंगर जसा वळेल तसा तट वळतो. म्हणून आधी बुटांची खोकी रचून डोंगर कर, वरची थोडी एका बाजूला सरकव, म्हणजे इकडे कडा आणि तिकडे उतार आपोआप होईल.

मला विचारशील तर राजगड कर. रायगडाच्या आधी महाराजांची राजधानी तिथे होती, आणि २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तोही आहे. मधे उंच बालेकिल्ला, आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या. माच्यांना कॉर्नफ्लेक्सची खोकी आडवी टाक. संजीवनी लांब आणि निमुळती हवी, तिला दुहेरी तट आहे, म्हणजे पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या, मधे बोटभर जागा. किचन रोलच्या नळ्या कापून बुरूज होतील. प्लास्टिकच्या बाटल्यांना हात लावू नकोस, त्यांचे दुकानात पंचवीस-पंचवीस सेंट परत मिळतात.

मग कणकेची खळ शिजवू. वर्तमानपत्राचे तुकडे तिच्यात बुडवून दोन-तीन थर द्यायचे, पहिला वाळल्याशिवाय दुसरा नाही. शेवटच्या ओल्या थरावर चहाचा चोथा भुरभुरव, डोंगर मातकट दिसतो. चोथा मात्र खडखडीत वाळलेला हवा, नाहीतर बुरशी धरेल.

दरवाजाला वेळ दे. रायगडाच्या महादरवाजासारखा कर: दोन बुरूज पुढे आलेले आणि दार त्यांच्या आड. खालून येणाऱ्याला ते दिसतच नाही. वळून आत शिरावं लागतं, तोवर वरून मारा, आणि धडक द्यायला हत्तीला धावायला जागा उरत नाही. झाल्यावर समोरून गोटी सोडून बघ. थेट दारावर आपटली तर बुरूज आणखी पुढे घे.

वर पाणीही हवं. वेढा पडला की खाली उतरून पाणी भरता येत नाही, म्हणून गडावर खडकात टाकी खोदलेली असतात. बाटल्यांची झाकणं बसव. पद्मावती माचीवर तर तळंच आहे, तिथे जॅमच्या बरणीचं झाकण.

हिरवळीला अळीव. इथे 'क्रेसे' म्हणून बी मिळतं, तेच. कापूस ओला करून त्यावर पेर, पण कापसाखाली प्लास्टिकची पिशवी घाल, नाहीतर पुठ्ठा भिजून माची खाली बसेल. वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरलंस तर वेळेवर हिरवं होईल.

महाराज आणि दोन मावळे वरच्या कपाटात, आकाशकंदिलाच्या खोक्यात आहेत. बाकीची फौज लेगोची चालेल, फेटे तेवढे बांध. जाड पुठ्ठा कापायचं काम शनिवारी दोघं मिळून करू, एकट्याने सुरी घ्यायची नाही. आणि बुटांची खोकी आजच खोलीत आणून ठेव, उद्या सकाळी रद्दीची गाडी येते.

तुझी
आई