पत्रात लेकीचं म्हणणं कुठे आहे?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र परत परत वाचलं. दोन वर्षांपूर्वी तुमच्या मिसेस ओव्हरीच्या कॅन्सरने गेल्या, लेक आता बारावी सायन्सला आहे, आणि तुम्ही ठरवलंय की तिने पेशंटच्या ट्यूमरमधल्या पेशी लॅबमध्ये वाढवून त्यावर रिसर्च करायचा, "आईसाठी". कोर्स कुठला, किती टक्के लागतील, सगळं विचारलंत, पण लेकीबद्दल एकच ओळ आहे, "ती काही बोलत नाही, पण तिच्याही मनात तेच असणार." मला मार्कांची नाही, या ओळीची काळजी वाटली.

ती गप्प आहे म्हणजे तिचा होकार आहे असं नसतं हो. आई गेलीये, बाबा एकटे पडलेत, त्यांची एवढी एकच इच्छा आहे, तिला नाही कसं म्हणायचं? तुमचं दुःख खरं आहे, पण ते लेकीच्या अ‍ॅडमिशन फॉर्मवर उतरवू नका. स्पष्ट बोलतेय, राग मानू नका.

आता तुमचा एक गैरसमज. तुम्ही लिहिलंय की हेला पेशी, म्हणजे हेन्रिएटा लॅक्स या पेशंटच्या ट्यूमरमधून घेतलेल्या पेशी, 1951 पासून लॅबमध्ये वाढताहेत, म्हणजे कॅन्सरच्या पेशी लॅबमध्ये सहज वाढतात, मग प्रत्येक पेशंटच्या पेशींवर औषधं तपासून योग्य ते औषध का देत नाहीत. दादा, हेला हा अपवाद आहे. त्या वाढवणारे संशोधक जॉर्ज गाय त्याआधी कित्येक वर्षं माणसाच्या पेशी वाढवायचा प्रयत्न करत होते आणि त्या मरत होत्या, हेन्रिएटा लॅक्स यांच्या ट्यूमरमधल्या तेवढ्या टिकल्या. शरीरात बेफाम वाढणारी पेशी डिशमध्ये आली की तिचा रक्तपुरवठा, आजूबाजूच्या पेशी, सगळं तुटतं आणि ती बऱ्याचदा मरते. जे वाढतं ते पुष्कळदा फायब्रोब्लास्ट, म्हणजे ट्यूमरसोबत आलेल्या साध्या पेशी, त्या शेतातल्या तणासारख्या सगळा फ्लास्क व्यापतात. शिवाय मायकोप्लाझ्मा हा अगदी बारीक जीवाणू शिरला तर मीडियम, म्हणजे पेशींना पोसणारं द्रव, गढूळही होत नाही, टेस्ट केल्याशिवाय कळत नाही, आणि कळलं की बहुतेक वेळा सगळं फेकून द्यायचं. 2009 नंतर ऑर्गनॉइड आले, जेलमध्ये पेशींचे छोटे त्रिमितीय गोळे वाढवतात, काही अभ्यासांत त्यांच्यावर जे औषध चाललं नाही ते पेशंटलाही चाललं नाही असं दिसलंय, म्हणजे आशा आहेच. पण गोळे वाढायला आठवडे लागतात, काही सॅम्पलमधून काहीच वाढत नाही, आणि पेशंटला तेवढा वेळ असेलच असं नाही.

आणि एक गोष्ट, जी लिहिताना मलाही जड जातंय. आईच्या पोटात पाणी व्हायचं, ते काढताना लेक शेजारी बसायची असं तुम्हीच लिहिलंय. ओव्हरीच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या लॅबमध्ये पुष्कळदा तेच पाणी बाटलीत येतं, वर नाव नसतं, कोड असतो. ते सेंट्रीफ्यूज करायचं, म्हणजे मशीनमध्ये वेगाने फिरवायचं, खाली बसलेल्या पेशी वेगळ्या करायच्या, 37 डिग्रीच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या आणि कधीकधी काही दिवसांनी त्या मेलेल्या बघायच्या. काही मुलींना यातूनच बळ मिळेल, काहींना ती बाटली हातात धरवणार नाही. तुमची लेक यातली कुठली, हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही.

तिला खरंच यायचं असेल तर रस्ता अवघड नाही, बायोलॉजीतली बीएस्सी, एमएस्सी, मग नेट किंवा गेट आणि पीएचडी. डिग्री चालू असताना सुट्टीत सेल कल्चर लॅबमध्ये प्रोजेक्ट मिळाला तर जरूर करावा, रविवारी सुद्धा मीडियम बदलायला जावं लागतं, आपल्याला हे जमतंय का ते तिथेच कळतं. आणि तिला कॉमर्स, डिझाईन, काहीही वेगळं करायचं असेल तर आईवरचं तिचं प्रेम त्याने कमी होत नाही, हे तिला तुमच्याच तोंडून ऐकायला मिळू दे.

तोपर्यंत फॉर्म भरू नका. आधी तिच्याशी बोला, आणि तुमच्याशी बोलायला तिला जड जात असेल तर मावशी, आत्या, जिच्याशी ती मोकळी आहे तिला बोलू दे. पुढचं पत्र तिने स्वतः लिहिलं तर मला जास्त आवडेल, आणि त्यात काय लिहिलंय ते तिने तुम्हाला दाखवलंच पाहिजे असं नाही.