गोव्याहून लिस्बनला विमानाने किती अंतर पडते आणि किती वेळ लागतो?

गोवा ते लिस्बन हे सरळ हवाई अंतर सुमारे ८,३०० किलोमीटर आहे. ताशी ८५० किलोमीटर वेग धरला तर हिशेब पावणेदहा तासांच्या आसपास येतो. परंतु या मार्गावर थेट विमान नसल्यामुळे हा आकडा प्रत्यक्षात उपयोगी पडत नाही. दुबईमार्गे गेल्यास पहिला टप्पा साधारण सव्वातीन ते साडेतीन तासांचा आणि दुसरा आठ तासांच्या आसपास असतो. दुबई जवळजवळ वाटेवरच असल्याने अंतर फारसे वाढत नाही, म्हणून दिल्लीमार्गे वळसा घेऊन जाण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक सोयीचा वाटतो. मधला थांबा धरून एकूण प्रवास चौदा ते वीस तासांचा समजावा.

लिस्बनचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते. त्यामुळे उन्हाळ्यात पहाटे चार वाजता निघून सोळा तास प्रवास केला, तरी तिथे त्याच दिवशी दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. परतताना पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांमुळे उड्डाणाचा वेळ थोडा वाचतो, मात्र घड्याळ पुढे सरकल्याने बहुधा दुसरा दिवस उजाडतो.

तिकीट काढताना विमानतळ अवश्य तपासावा: जीओआय म्हणजे दाबोळी आणि जीओएक्स म्हणजे मोपा. पेडणे किंवा डिचोलीच्या माणसाला मोपा जवळ, तर काणकोणकरांना दाबोळी. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घेतल्यास पहिले विमान उशिरा पोचून पुढचे चुकले, तरी पर्यायी व्यवस्थेची जबाबदारी सहसा विमान कंपनीवर राहते.