मैत्रीण ‘नाही’ म्हणाली तर

प्रिय बाळ,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र परवाच मिळालं. जेवणाआधी प्रार्थनेला डोळे मिटायचे तरी खोलीतल्या दोघी काय म्हणतील याचा तू विचार करतेस, आणि ‘तुम्ही लोक पैसे देऊन बाटवता ना?’ असं त्यातल्या एकीने हसत विचारलं तेव्हा तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आपला विश्वासच कच्चा आहे की काय, असं तू विचारलंयस. मला तसं वाटत नाही. येशूविषयी बोलायला तू भीत नाहीस, मैत्रीण तुटेल म्हणून भितेस. एवढ्यासाठी उपास-प्रार्थना धरून बसू नकोस.

तिचा प्रश्न अपमान समजून गिळू नकोस, उत्तर दे. आमिष दाखवून किंवा धाक घालून कुणाला ख्रिस्ती करणं मला पाप वाटतं, असं सरळ सांग. राज्यघटनेच्या कलम 25 ने आपल्याला धर्म पाळायची आणि त्याचा प्रसार करायचीही मोकळीक दिली आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणायचा हक्क मात्र त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली म्हटलं. आपल्यातले काहीजण या निकालावर अजून कुरकुरतात. मला तर त्यामुळे सुटल्यासारखंच वाटतं. सांगणं तेवढं आपल्याकडे. मन बदलणं आपल्या हातात कधी नव्हतंच. दवाखान्यात आजारी माणसाच्या उशाशी पत्रकं ठेवून जाणारे लोक मला कधीच आवडले नाहीत. ज्याला उठून जाता येत नाही, त्याला ऐकवायचं कसलं?

आता नगरकडच्या आपल्या माणसांचं सांगते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे अभंग तू लहानपणापासून म्हणतेस, पण त्यांच्या घरात काय झालं ते नीट वाचलंयस का? 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाशी टिळकांच्या गप्पा रंगल्या, आणि उतरताना त्याने बायबलमधल्या नव्या कराराची प्रत त्यांना दिली. वाचीन असा शब्द दिला होता म्हणून टिळकांनी वाचायला घेतलं. सुरुवातीला काही रुचेना, मग येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. त्या प्रवाशाने एका प्रवासात केलं ते एवढंच: गप्पा मारल्या, पुस्तक दिलं.

1895 मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर फुटलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन पंढरपुरात राहिल्या. बाईंच्या दृष्टीने नवरा जिवंत असून गेल्यातच जमा होता. आपण ज्याला नकार म्हणतो ना, तो याहून मोठा काय असणार? पुढे त्या पुन्हा टिळकांजवळ आल्या, त्याही आपलं सोवळंओवळं सांभाळूनच. बायकोने ख्रिस्ती झालंच पाहिजे अशी सक्ती त्यांच्यावर झाली नाही. दिवसागणिक तेच घर, तीच माणसं, आणि टिळकांचा तो विक्षिप्त, लहरी, पण आरपार खरा स्वभाव. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केला, हे बाईंना त्यांचं त्यांनाच उमगलं. आधी सोवळं सुटलं आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त हे सगळं त्यांनी स्वतः लिहिलं आहे, तेही हसत हसत. नवऱ्याची फजिती सांगताना बाई जराही हात राखत नाहीत! या नाताळच्या सुट्टीत वाचून काढ.

यातली मधली वर्षं मला फार मोलाची वाटतात. ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाबरोबर टिळक कसे राहिले, हे त्या वर्षांत दिसतं. तुझ्या मैत्रिणीने ‘मला यात रस नाही’ म्हटलं, तर तेच तिचं उत्तर समज. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा तिच्यासाठीही ठेव. आणि ती बाप्तिस्म्यापर्यंत येईलच, असा हिशेब मनात धरू नकोस. तो तिला बरोबर कळतो, आणि मग चहासुद्धा संशयाचा होतो.

पौलाचंही बघ. अथेन्सला अरीयपगाच्या टेकडीवर तो बोलला, तेही त्या लोकांच्याच वेदीपासून आणि त्यांच्याच कवींपासून सुरुवात करून. कितीजणांनी ऐकलं? काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, आणि दिओनुस्य, दामारी अशा थोड्यांनी विश्वास ठेवला. एवढ्या मोठ्या प्रेषिताची ही गत, मग तू खोलीतल्या दोघींच्या पडणाऱ्या चेहऱ्यांचं एवढं काय मनावर घेतेस? टिळकही म्हणत की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. तुझ्या मैत्रिणीच्या घरी वारी असेल तर तिला वारीबद्दल विचार, आणि मनापासून ऐक. मुद्द्यावर येण्यासाठी निमित्त म्हणून नव्हे.

बोलायची वेळ आलीच तर ‘तारण’, ‘अभिषेक’, ‘प्रभूने माझ्यावर ओझं घातलं’ ही मंडळीतली भाषा बाजूला ठेव. रविवारी आपल्याला ती कळते, बाहेरच्याला ती कोर्टातल्या कागदासारखी वाटते. वडील गेल्यावर तुला झोप लागत नसे, तेव्हा ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे स्तोत्र अंधारात म्हणत पडून राहायचीस, असं तू मला सांगितलं होतंस. काही रात्री त्यानेही भागत नसे, हेही सांगितलं होतंस. तिने ‘तू प्रार्थना का करतेस?’ असं विचारलं, तर हेच सांग, न भागलेल्या रात्रींसकट. दोन-चार वाक्यांत सांग आणि थांब. पुढचं तिला हवं असेल तर ती विचारेल. त्रैक्य, कुमारीपासून जन्म, दुःख का असतं, यातलं काही विचारलं आणि ठाऊक नसलं, तर ‘माहीत नाही’ म्हण. पाळकसाहेबांनाही सगळं कुठे माहीत असतं!

नाताळला दोघींना घेऊन येतेयस, असं तू शेवटी ओझरतं लिहिलंयस. नक्की असेल तर आठ दिवस आधी कळव, म्हणजे करंज्या आणि शंकरपाळे जास्त करायला घेते. उपासनेला यायचं की घरी बसून माझ्याशी गप्पा मारायच्या, ते त्यांचं त्यांना ठरवू दे. फराळ दोन्हीकडे सारखाच मिळेल.

तुझी,
मावशी