शाळेतले जुने संगणक विंडोज ११ घेत नाहीत. ऑपरेटिंग सिस्टीमने जुन्या हार्डवेअरला आधार (सपोर्ट) देत राहावं का?

तुमचा प्रश्न असा: निफाड तालुक्यातल्या शाळेत २० डेस्कटॉप आहेत. इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय३, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. नाशिकचा दुकानदार म्हणतो, भंगारात घाला आणि नवीन घ्या. कंपन्यांनी चालू मशीनचा आधार असा काढून घ्यावा का, आणि आता करायचं काय?

भंगारात घालू नका. आणि हो, आधार द्यायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. तो कायमचा असावा असं मात्र मी म्हणणार नाही. चिपला एखादं काम जमतच नाही म्हणून आधार काढणं वेगळं, आणि काम जमत असताना चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीतून नाव वगळणं वेगळं.

पहिल्या प्रकाराचं उदाहरण लिनक्स या मोफत, खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमचंच आहे. डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्स कर्नलमधून, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातून, इंटेल ३८६ चा आधार काढला गेला. ही चिप १९८५ ची. पुढच्या चिपमध्ये आलेल्या काही मूलभूत सूचना तिच्यात नव्हत्या, त्यामुळे मेमरी हाताळणाऱ्या कोडमध्ये तिच्यासाठी वेगळ्या पळवाटा सांभाळाव्या लागत होत्या आणि प्रत्येक नव्या बदलात त्या आड येत होत्या. चिप आल्यावर २७ वर्षांनी, कारण उघड सांगून ती काढली. याला कोण नावं ठेवणार?

विंडोज ११ आलं ऑक्टोबर २०२१ मध्ये. इंटेलची सातवी पिढी डेस्कटॉपवर आली जानेवारी २०१७ मध्ये. म्हणजे पाच वर्षंही न झालेले प्रोसेसर, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, मायक्रोसॉफ्टच्या यादीबाहेर. कारण सुरक्षेचं दिलं गेलं. पण कर्नलचा कोड सुरक्षित ठेवायला मदत करणारी एमबीईसी ही सोय सातव्या पिढीत आहे. इंटेलची स्पर्धक एएमडीच्या चिपमध्ये तशी सोय झेन २ या पिढीपासून आली, तरी त्याआधीची झेन प्लस पिढी यादीत आहे. विंडोज ११ ला लागणारं टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) सुद्धा सहाव्या-सातव्या पिढीच्या अनेक बोर्डांत फर्मवेअरमध्येच असतं, बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) पीटीटी नावाने, फक्त बंद ठेवलेलं. रेघ चिपच्या कुवतीवर ओढलेली असती तर ती इथून गेली नसती.

कंपनीची बाजूही खरी आहे. प्रत्येक जुन्या बोर्डावर चाचणी घ्यायला माणसं लागतात, आणि ज्या ड्रायव्हरचा (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) मूळ कोड दुसऱ्याच कंपनीच्या कपाटात आहे तो विंडोज बनवणाऱ्यांना दुरुस्त करता येत नाही. तुमच्या तिसऱ्या पिढीत एमबीईसी नाही, बहुतेक टीपीएम २.० ही नाही, त्यामुळे विंडोज ११ ची प्रत्येक सोय त्यावर पळावी अशी मागणी मी करणार नाही. मागणी एवढीच, की मशीन चालतंय तोवर सुरक्षेचे पॅच थांबू नयेत. ते थांबले की खर्च नाहीसा होत नाही, तो कंपनीकडून शाळेच्या वर्गणीवर येतो.

ड्रायव्हर कोणाच्या हातात आहे यावर किती अवलंबून असतं ते नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या वर्कशॉपमध्ये स्पष्ट दिसतं. सीएनसीला (संगणकाने चालणाऱ्या कटिंग मशीनला) प्रोग्रॅम पाठवायला यूएसबी-सीरियल केबल लागते. अनेक केबलींमध्ये पीएल२३०३ चिपची जुनी एचएक्सए आवृत्ती असते. केबल धडधाकट असते, पण नव्या विंडोजमध्ये 'कोड १०' हा एरर येतो, किंवा 'ही चिप २०१२ पासून बंद झाली, विक्रेत्याशी संपर्क साधा' अशा अर्थाचा संदेश. तीच केबल लिनक्सला लावा, चालते. कारण तिथे ड्रायव्हर कर्नलच्याच कोडमध्ये आहे, आणि कर्नलमध्ये कोणी काही बदललं तर त्यावर अवलंबून असलेले ड्रायव्हर दुरुस्त करणं ही बदलणाऱ्याचीच जबाबदारी असते. म्हणून नवीन प्रिंटर किंवा वायफाय कार्ड घेताना त्याचा ड्रायव्हर खुला आहे का, हे आधी विचारा.

लिनक्समध्ये सगळेच सांभाळून घेतात असंही नाही. कंपन्यांसाठीच्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ला एव्हीएक्स२ हा प्रोसेसरमधला सूचनासंच लागतो, तो इंटेलमध्ये चौथ्या पिढीपासून आहे, म्हणजे तुमचे आय३ बाद. पण कोड खुला असल्याने, त्याच्याशी जुळणाऱ्या अल्मालिनक्सने जुन्या प्रोसेसरसाठी वेगळी बांधणी दिली. डेबियन १३ या दुसऱ्या लिनक्सने ३२ बिट संगणकांवर नवीन इन्स्टॉलेशन बंद केलं. तुमचे प्रोसेसर ६४ बिट आहेत, त्यामुळे त्याची झळ तुम्हाला नाही.

आता कामाचं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. संस्थांना वाढीव सुरक्षा अपडेट तीन वर्षं विकत मिळतात. शाळेकडे मायक्रोसॉफ्टचा शैक्षणिक परवाना असेल तर दर संगणकी पहिल्या वर्षी १ डॉलर, मग २, मग ४. परवान्याचे कागद आहेत का ते आधी पाहा. रूफस हे पेनड्राइव्हवर सिस्टीम टाकणारं साधन वापरून टीपीएमची अट चुकवत विंडोज ११ टाकता येतं, पण पुढचे मोठे अपडेट मिळतीलच याची हमी नाही. एका घरगुती मशीनवर ठीक, २० मशीनच्या लॅबमध्ये नको.

माझा सल्ला: एखाद-दुसरं मशीन विंडोजवर ठेवून बाकीच्या १८-१९ मशीनवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. मिंट २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. पण त्याआधी हार्डवेअर. मशीन संथ वाटतं ते बहुतेक वेळा हार्ड डिस्कमुळे, प्रोसेसरमुळे नव्हे. तिच्या जागी २४० जीबीचा साटा एसएसडी (साटा म्हणजे हार्ड डिस्कचीच जोडणी) लावा. एच६१ वर साटाचा वेग ३ गिगाबिटच आहे, त्यामुळे महागडा एसएसडी घेऊन उपयोग नाही. फरक पडतो तो बारीक फाइली झटपट वाचल्या जाण्याने, आणि तो स्वस्त एसएसडीतही मिळतो. इन्स्टॉल करण्याआधी बायोसमध्ये साटा मोड आयडीईवरून एएचसीआयवर आणा. आयडीईवर इन्स्टॉल केलेलं विंडोज मात्र या बदलानंतर निळ्या पडद्यावर अडकतं.

रॅमच्या दुसऱ्या खाचेत ४ जीबी डीडीआर३ आणखी टाका. इथे एक फसगत होते: बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या ८ जीबीच्या काही डीडीआर३ पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डावर चालतात, इंटेलवर मशीन चालूच होत नाही. लेबल वाचा आणि दुकानातच लावून बघा. पट्टी बसवूनही पडदा काळा राहिला तर सोनेरी टोकं पेन्सिलच्या रबराने पुसून पुन्हा घट्ट बसवा. सगळ्या मशीनच्या बोर्डावरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेलही बदला. तो उतरला की तारीख मागे जाते, आणि मग इंटरनेट चालू असून बहुतेक वेबसाइट उघडत नाहीत, कारण वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रांच्या तारखा जुळत नाहीत. अशा वेळी मुलं आणि शिक्षक वायफायला दोष देत बसतात.

८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफसने मिंट टाका. बोर्ड जुन्या बायोस मोडमध्ये असेल तर रूफसमध्ये विभाजनाचा प्रकार एमबीआर निवडा, जीपीटी निवडलंत तर पेनड्राइव्ह दिसणार नाही. बूट मेनूसाठी गिगाबाइटवर एफ१२, एसूसवर एफ८, एमएसआयवर एफ११. लगेच इन्स्टॉल करू नका. पेनड्राइव्हवरूनच चालवून आवाज, नेटवर्क आणि प्रिंटर तपासा. प्रिंटरकडे विशेष लक्ष द्या: कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर फार त्रास देतो, तो विंडोजवाल्या मशीनलाच राहू द्या. एचपी लेझरजेट १०२० ला एचपीचं प्लगिन एकदा उतरवावं लागतं, मग तो चालतो.

मराठीसाठी कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट आहे, उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांसाठी कगप (KaGaPa) आहे. कृतिदेव किंवा श्रीलिपीतल्या जुन्या प्रश्नपत्रिका मात्र तशाच उघडणार नाहीत, त्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतील. टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन ऑफिसात लागत असेल तर त्यासाठी एक विंडोज ११ चं मशीन विकत घ्या, यात काटकसर करू नका.

एक मशीन पूर्ण तयार करा: सगळे अपडेट, लिब्रेऑफिस, मुलांच्या शैक्षणिक खेळांचं जीकॉम्प्री. मग क्लोनझिला या डिस्कची प्रत काढणाऱ्या साधनाने बाकीच्यांवर प्रत काढा. ज्यावर प्रत काढायची तो एसएसडी मूळ एसएसडीपेक्षा किंचितही लहान असला तर क्लोनझिला नकार देतं, आणि '२४० जीबी' छापलेले दोन कंपन्यांचे एसएसडी आतून थोडे कमी-जास्त असू शकतात, म्हणून सगळे एकाच कंपनीचे एकदम घ्या. प्रत काढल्यावर प्रत्येक मशीनचं नाव आणि मशीन आयडी (लिनक्समधला त्या मशीनचा ओळख क्रमांक) बदला, नाहीतर सगळे संगणक नेटवर्कवर एकाच नावाने दिसतील.

काढलेल्या हार्ड डिस्कवर विद्यार्थ्यांची माहिती असेल, ती पूर्ण पुसल्याशिवाय शाळेबाहेर जाऊ देऊ नका. एखाद्या बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले दिसले तर तो बोर्ड बाजूला ठेवा, पण त्याची रॅम, कॅबिनेट आणि चालू असेल तर पॉवर सप्लाय जपून ठेवा; बाकीच्या मशीनना सुट्या भागांची गरज पडेलच. बोर्ड तेवढा नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे द्या आणि पावती घ्या.