ॲल्युमिनियमच्या छोट्या होडीत आतून मरीन प्लाय आणि कार्पेट बसवले तर चालेल का?

आपली होडी १४ फुटी ॲल्युमिनियमची आहे, मनोरीच्या खाडीत उभे राहून जिताड्यासाठी गळ टाकता यावा म्हणून मधली आडवी बैठक काढून सपाट तळ करायचा आहे आणि त्यासाठी मरीन प्लाय व वर कार्पेट चालेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते कार्पेट मुळीच घालू नये. हे इतके ठामपणे लिहितो, कारण नेमके हेच काम सहा वर्षांपूर्वी आमच्या घरी झाले आणि त्यावरून थोरल्या भावाशी झालेला माझा वाद अजून मिटलेला नाही.

दादाची हयात लाकडी होड्यांत गेली. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होडी अंगणात आली, तेव्हा त्याने १२ मिलिमीटरचा प्लाय कापून बरगड्यांवर पितळी स्क्रूने थेट आवळला आणि वर हिरवे कार्पेट चिकटवले. स्क्रू स्टेनलेसचे घ्यावेत आणि दोन धातूंमध्ये नायलॉनचे वॉशर घालावेत, असे मी सांगितले होते. त्यावर तो म्हणाला, "पितळ खाऱ्या पाण्यात टिकतं, हे मी तुझ्या जन्माआधीपासून बघतोय." त्याचे म्हणणे खोटे नव्हते; पितळ टिकलेच, पण त्याला चिकटलेले ॲल्युमिनियम टिकले नाही.

दीड वर्षाने रोज सकाळी तळाशी ओंजळभर पाणी दिसू लागले, म्हणून आम्ही कार्पेट उचकटले. खालचा थर तेव्हाही ओलाच होता. प्रत्येक स्क्रूभोवती चुन्यासारखी पांढरी भुकटी जमली होती, ती नखाने खरवडल्यावर खाली काळे खड्डे दिसले आणि एका जागी काडेपेटीतली काडी पत्र्यातून आरपार गेली. प्लाय मात्र शाबूत होता. तो उचलून दादा म्हणाला, "बघ, लाकूड राहिलं आणि तुझा धातू सडला." होडी त्याने भंगारात किलोवर विकली आणि ॲल्युमिनियम मुंबईच्या पाण्याला टिकत नाही, हे तो आजही बंदरावर प्रत्येकाला सांगतो.

हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. खारे पाणी मध्ये असले की पितळ आणि ॲल्युमिनियम यांची जणू बॅटरीच तयार होते आणि तिच्यात झिजते ते ॲल्युमिनियम. त्यामुळे स्क्रू चकचकीत राहणे हाच माझ्या बाजूचा पुरावा होता. शिवाय या धातूचे रक्षण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर करतो. तो थर पुन्हा धरण्यासाठी हवा लागते, आणि ओल्या कार्पेटखाली मीठ साचून राहते, हवा मात्र पोहोचत नाही.

आपण ५०५२ प्रतीचा ३ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा चेकर (उठावाच्या नक्षीचा) पत्रा घ्यावा. मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात चौकशी करावी. तो ३१६ स्टेनलेसच्या स्क्रूंनी, नायलॉनचे वॉशर घालून बसवावा आणि तुकड्यांत ठेवावा, म्हणजे प्रत्येक फेरीनंतर उचलून खाली गोडे पाणी मारता येईल. प्लायच हवा असेल तर तांब्याच्या क्षारांचे रसायन मुरवलेला घेऊ नये, कारण तांबे पितळाइतकेच घातक आहे. याच कारणासाठी तांबेयुक्त रंगही होडीच्या बुडाला लावू नये.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. मधली बैठक काढू नये. ती दोन्ही कडांना ताण देऊन धरते आणि बहुतेक होड्यांत तिच्या पोटात तरंगण्याचा फोम असतो. तळही फार उंच करू नये, कारण उभ्या माणसाचे वजन अर्धा फूट जरी वर गेले तरी होडी कलंडण्याचा धोका वाढतो.

पहिला पावसाळा उलटल्यावर पत्रा उचलून खालच्या तळाचा फोटो कृपया येथे टाकावा. तो मला दादाला दाखवायचा आहे.