कॉलेजच्या आवारातील पिस्तूल आणि आपल्या मुलांचा व्हिसा

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी अगदी लहान असताना आम्ही इथे आलो. ग्रीन कार्डाच्या रांगेत अजून आहोत, त्यामुळे ती आजही एच-४ वर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर आहे. तिला ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासमध्ये प्रवेश मिळाला आहे आणि तिला तिथेच जायचे आहे. टेक्सासमध्ये विद्यार्थी पिस्तूल घेऊन वर्गात बसू शकतात हे कळल्यापासून पुण्याहून तिच्या आजीचे रोज फोन येत आहेत. माझा भाचाही लवकरच एमएस करण्यासाठी टेक्सासमध्येच येणार आहे. मुलीला नको म्हणावे का? ती कॉलेजच्या वसतिगृहात राहिली तर अधिक सुरक्षित राहील का?

उत्तर : केवळ या कायद्यासाठी मुलीला नको म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र पत्र वाचताना मला वर्गातील पिस्तुलापेक्षा अधिक काळजी वाटली ती आपण ओझरत्या उल्लेखलेल्या एच-४ ची. त्याकडे मी पुढे येतो. आधी आजींना फोनवर सांगता येईल इतपत कायदा समजून घेऊ.

टेक्सासच्या विधिमंडळाने २०१५ साली हा कायदा संमत केला आणि चार वर्षांचे शिक्षण देणाऱ्या सरकारी विद्यापीठांत तो १ ऑगस्ट २०१६ पासून लागू झाला. १९६६ साली याच तारखेला ऑस्टिनच्याच विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून एका बंदूकधाऱ्याने खालच्या लोकांवर गोळ्या झाडल्या होत्या, त्यामुळे तारखेची ही निवड अनेकांना खुपली. दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या कम्युनिटी कॉलेजांना तो एक वर्षाने लागू झाला. खासगी विद्यापीठांना नकार देण्याची मुभा होती आणि राइस, बेलर, सदर्न मेथडिस्ट यांसारख्या जवळजवळ सर्वांनी ती वापरली. ज्यांच्याकडे राज्याचा परवाना आहे त्यांनाच आणि तेही कपड्याआड किंवा पिशवीत, कोणाला दिसणार नाही अशा रीतीने, छोटे शस्त्र बाळगता येते. कायदा झाला तेव्हा हा परवाना सर्वसाधारणपणे वयाच्या एकविसाव्या वर्षानंतरच मिळत असे, म्हणजे पदवीच्या पहिल्या दोन वर्षांतील बहुतेक मुले त्याच्या कक्षेबाहेरच होती. २०२१ पासून टेक्सासमध्ये परवान्याशिवायही शस्त्र बाळगता येते, पण ती सवलत विद्यापीठाच्या इमारतींत चालत नाही. तिथे परवाना लागतोच. आवारात पिस्तूल मुद्दाम उघडे दाखवणे हा गुन्हा आहे, त्यामुळे ते कोणाच्या हातात दिसले तर 'इथे चालत असेल' असे समजून गप्प न बसता विद्यापीठाच्या पोलिसांना लगेच कळवावे.

विद्यापीठ सरसकट बंदी घालू शकत नसले, तरी काही जागा वगळू शकते. ऑस्टिनच्या विद्यापीठाने घातक रसायनांच्या प्रयोगशाळांसारख्या काही जागा वगळल्या आणि वसतिगृहांतील विद्यार्थ्यांच्या खोल्यांतही पिस्तूल ठेवण्यास मनाई केली. वसतिगृहाबद्दलच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे बऱ्याच अंशी 'हो' असे आहे. तिथेही गंमत अशी, की खोलीत राहणाऱ्या मुलीला शस्त्र ठेवता येत नाही, पण तिला भेटायला आलेल्या परवानाधारक पालकांना ते जवळ बाळगता येते. जेवणघर आणि अभ्यासिका या सामाईक जागाही मनाईतून सुटलेल्या आहेत. जिथे मनाई असते तिथे टेक्सासच्या दंडसंहितेतील ३०.०६ या कलमाचा हवाला देणारी, इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांतील इंचभर उंचीच्या अक्षरांची पाटी दाराशी लावावी लागते. प्रवेशापूर्वी विद्यापीठ पाहायला जाल तेव्हा या पाट्या कुठे आहेत आणि कुठे नाहीत हे मुलीबरोबर फिरून पाहावे. तासभराच्या फेरीत माहितीपत्रकापेक्षा जास्त कळेल.

भाच्यासाठी एक वेगळी बाब लक्षात घेण्याजोगी आहे. एमएस करणारी आपली बरीच मुले टीए (टीचिंग असिस्टंट, प्राध्यापकांचे अध्यापन-सहायक) म्हणून काम करतात, म्हणजे गुण देतात आणि गुण कमी पडलेल्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी ऐकतात. टेक्सासमध्ये प्राध्यापकाला स्वतःच्या वर्गात पिस्तुलाला बंदी करता येत नाही. ऑस्टिनला एकट्याचे स्वतंत्र कार्यालय असलेल्या प्राध्यापकाला, येणाऱ्याला तोंडी सांगून, ते शस्त्रमुक्त ठेवता येते. पण चार-पाच टीएंनी वाटून घेतलेल्या खोलीला हा अधिकार नाही. म्हणून विद्यार्थ्यांना भेटण्याची वेळ वर्दळीच्या ठिकाणी, दिवसाउजेडी ठेवावी आणि संतापलेल्या विद्यार्थ्याशी गुणांची चर्चा शक्य तो ईमेलवर करावी. हा सल्ला पिस्तुले नसलेल्या राज्यातही वाया जाणार नाही.

या कायद्यावर झालेला वाद एकतर्फी नव्हता, हे आजींना अवश्य सांगावे. ओसामा बिन लादेनवरील मोहिमेची सूत्रे ज्यांच्या हाती होती ते निवृत्त ॲडमिरल विल्यम मॅक्‌रेवन त्या वेळी टेक्सास विद्यापीठ समूहाचे कुलपती होते आणि त्यांनी विधिमंडळाला पत्र लिहून या तरतुदीला विरोध केला होता. शस्त्रांशी आयुष्यभर संबंध आलेल्या माणसाने विरोध करावा, याला माझ्या मते वजन आहे. उलट टेक्सास ए अँड एम या दुसऱ्या सरकारी विद्यापीठ समूहाचे तेव्हाचे कुलपती जॉन शार्प यांना त्यात चिंतेचे काही वाटत नव्हते. ऑस्टिनच्या तीन प्राध्यापिकांनी न्यायालयात धाव घेतली; पण वर्गातील चर्चेवर दडपण येईल ही त्यांची भीती दावा चालवण्यास पुरेशी नाही, असे म्हणून अपील न्यायालयाने २०१८ मध्ये ते प्रकरण निकाली काढले. आजींची भीती मात्र हवेतून आलेली नाही. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेकमध्ये मारल्या गेलेल्या ३२ जणांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी आणि मूळचे तमिळनाडूचे एक प्राध्यापक होते. त्या विद्यापीठाच्या नियमांनुसार तेव्हाही आवारात बंदुकीला मनाईच होती. 'मनाई असून काय उपयोग झाला?' असे कायद्याचे समर्थक विचारतात. 'घाबरलेल्या मुलांच्या हातात आणखी पिस्तुले असती तर पोलिसांनी कोणावर नेम धरायचा?' असे विरोधक विचारतात. मला दुसरा प्रश्न अधिक खरा वाटतो, पण त्यावरून कॉलेज निवडावे असे वाटत नाही.

राज्य बदलले की नियम बदलतो, हे एव्हाना लक्षात आले असेल. आपल्या न्यू जर्सीत संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय कॉलेजच्या आवारात बंदूक नेणे हा गंभीर गुन्हा आहे. कॅलिफोर्नियातही बंदी आहे. युटामध्ये सरकारी विद्यापीठांना परवानाधारकांना अडवता येत नाही. जॉर्जियात २०१७ पासून परवानगी आहे, पण वसतिगृहे, खेळांची मैदाने आणि प्राध्यापकांची कार्यालये वगळलेली आहेत. कोलोरॅडोतील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली विद्यापीठाची बंदी रद्द ठरवली, तर २०२४ मध्ये विधिमंडळाने बंदी परत आणली. त्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनियात परवानगी देणारा कायदा लागू झाला. मुलगी पदवी घेईपर्यंत कुठलाही नियम आहे तसाच राहील, या हिशेबाने निर्णय घेण्यात अर्थ नाही.

आता एच-४ बद्दल. आपली मुलगी न्यू जर्सीत वाढली, तिचे मित्र-मैत्रिणी इथलेच, तिची भाषा इथलीच. त्यामुळे कायदा आपल्याला मैत्रिणींपेक्षा वेगळे समजतो हे तिच्या मनातही येत नसेल. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एफ-१ (विद्यार्थी), एच-१बी (नोकरदार), एच-४, एल-१ (कंपनीने बदलीवर पाठवलेले), अगदी पर्यटक व्हिसावर असलेल्या व्यक्तीलाही बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे, आणि ही मनाई राज्याच्या कायद्यावर अवलंबून नाही. टेक्सासने सगळ्या जगाला परवानगी दिली तरी आपल्या मुलीला आणि भाच्याला ती मिळत नाही. या कलमाखाली शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत होऊ शकते. बाळगणे म्हणजे विकत घेणे नव्हे. भाड्याचे पिस्तूल शूटिंग रेंजवर हातात धरणे हेही त्यात येऊ शकते. सेमिस्टर संपल्यावर मित्रांचा घोळका रेंजवर निघतो, कोणीतरी फोटो काढतो आणि तो इन्स्टाग्रामवर जातो, हे टेक्सासमध्ये अगदी सहज घडते. (इथे आलेल्या आजोबांना हौसेने लास वेगासच्या रेंजवर नेणाऱ्या मंडळींनीही हा परिच्छेद वाचावा.)

हमीद रेहाइफ या संयुक्त अरब अमिरातीतून आलेल्या विद्यार्थ्याचे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले होते. फ्लोरिडातील शिक्षणसंस्थेने कमी गुणांमुळे त्याला काढून टाकले, तरी तो देशात राहिला. पुढे तो एका रेंजवर गेला, तिथे त्याने दोन शस्त्रे चालवली आणि त्याच्यावर बंदूक बाळगल्याचा खटला भरला गेला. आपले वास्तव्य बेकायदा झाले आहे हे आरोपीला ठाऊक होते, हेही सरकारने सिद्ध केले पाहिजे, असा निकाल न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. निकाल त्याच्या बाजूचा झाला खरा, पण तिथवर पोहोचेपर्यंत त्याला जे सोसावे लागले ते कोणाच्याही मुलाच्या वाट्याला येऊ नये. शिकारीचा वैध परवाना असणाऱ्यांसाठी कायद्यात एक अपवाद आहे आणि तो इंटरनेटवर सगळ्यांना सापडतो. इमिग्रेशन वकिलाने लेखी सांगितल्याशिवाय त्याच्या भरवशावर राहू नये. पुढे ग्रीन कार्ड हाती आले तरी बेसावध राहून चालणार नाही, कारण बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या बिगर-नागरिकाला देशाबाहेर काढता येते.

हाच धोका कॉलेजच्या बाहेर अधिक आहे. दुसऱ्या वर्षापासून बहुतेक मुले बाहेर अपार्टमेंट घेतात, आणि तिथे विद्यापीठाचा कुठलाही नियम पोहोचत नाही. रूममेट ठरवतानाच 'तुझ्याकडे बंदूक आहे का, आणि असेल तर ती कुठे ठेवतोस?' असे भाच्याने सरळ विचारावे. टेक्सासमध्ये या प्रश्नाचे कोणाला वाईट वाटत नाही. बंदूक असलीच तर ती रूममेटच्या खोलीत, त्याच्याच कुलपात असावी आणि त्या कुलपाची किल्ली किंवा आकडा आपल्या मुलाला ठाऊक नसावा, कारण हाताशी आणि ताब्यात असलेली वस्तू आपल्या मालकीची नसली तरी 'बाळगली' असे कायद्यात धरले जाऊ शकते. मित्राची गाडी चालवायला घेतानाही पुढचा कप्पा रिकामा आहे ना, हे आधी विचारावे.

रूममेटची बंदूक आणखी एका कारणासाठी कुलपात हवी, आणि ते कारण आपल्या घरांत फारसे उच्चारले जात नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. नापास होण्याची भीती, कर्जाचा हप्ता, नोकरी न मिळता संपत आलेली मुदत, अशा रात्री घरात भरलेले पिस्तूल असणे आणि नसणे यात फार मोठा फरक पडतो. आत्महत्येचे विचार किंवा मानसिक संकट असलेल्यांना मदत करणारा ९८८ हा क्रमांक देशभर चोवीस तास चालतो आणि तो फोन करण्यासाठी कुठला व्हिसा आहे हे सांगावे लागत नाही. मुलीच्या आणि भाच्याच्या फोनमध्ये तो आत्ताच टाकून ठेवावा.

निर्णयापूर्वीचे काम थोडे आहे. केंद्रीय कायद्यानुसार विद्यापीठांना दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत सुरक्षा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो आणि त्यात आवारात नोंदलेल्या गुन्ह्यांचे आकडे असतात. ज्या दोन-तीन कॉलेजांत निवड करायची आहे त्यांचे अहवाल शेजारी ठेवून वाचावेत. संकटाच्या वेळी विद्यापीठ फोनवर सूचना पाठवते. त्या यादीत पालकांना नाव घालता येते का ते विचारावे, कारण कॉलेजात गेल्यावर मुलीच्या नोंदी तिच्या संमतीशिवाय आपल्याला मिळतीलच असे नाही.

राहता राहिली शिवजयंती आणि दिवाळी. विद्यापीठातील मराठी मुले लेझीम आणि दांडपट्ट्याचा कार्यक्रम करतात, तेव्हा कोणीतरी भारतातून आणलेली तलवार बाहेर काढतो. दिवाळीत कोणाच्या तरी सामानातून टिकल्यांचे पिस्तूल निघते. शस्त्रांबद्दलचे विद्यापीठांचे नियम बंदुकीपुरते नसतात आणि अनेक ठिकाणी हुबेहूब नकलांनाही मनाई असते. शिवाय टिकल्यांचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकणाऱ्याला तो टिकल्यांचा आहे हे कळायचे कसे? लाकडी तलवारीसाठीसुद्धा कार्यक्रमाच्या अर्जात तसे लिहून विद्यापीठाच्या पोलिसांची परवानगी आधी घ्यावी, आणि टिकल्यांचे पिस्तूल पुण्यालाच ठेवून यायला भाच्याला सांगावे.